रुपेनीचा वेग आणि त्याची घसरण

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

१ नोव्हेंबर २००३, सिडनी. रग्बी विश्वचषकातला फिजी विरुद्ध स्कॉटलंड सामना. जिंकेल तो उपांत्यपूर्व फेरीत. फिजीच्या रुपेनी थाउथाउनिंबुथा या तेवीस वर्षांच्या विंगरने (मैदानाच्या कडेने धावणाऱ्या खेळाडूने) पहिल्याच सत्रात दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा फिजी २०-१५ पुढे होती, पण पिवळ्या कार्डामुळे त्यांचा एक फॉरवर्ड (पुढच्या फळीतला दणकट खेळाडू) बाहेर बसलेला. स्कॉटलंडने लाइनआउट (कडेच्या रेषेवरून चेंडू आत फेकला की तो झेलण्याची झुंज) जिंकला, सगळे फॉरवर्ड एकमेकांना बिलगून ढकलत पुढे सरकले, टॉम स्मिथने चेंडू रेषेपलीकडे टेकवला, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची गोलखांबांमधून मारायची किक) झालं आणि सामना २२-२० असा हातचा गेला.

त्याआधी फ्रान्सविरुद्ध याच रुपेनीने एक डोळे दिपवणारा ट्राय केला होता. त्याच सामन्यात त्याने ओलिव्हिए मान्यला ठोसा मारला आणि त्यामुळे पुढचे दोन सामने त्याला खेळता आले नाहीत. त्याच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीची चव या एका स्पर्धेत कळते.

हा वेग येतो कुठून? फिजीत मुलगा रग्बी शिकतो ती सात जणांची, सेव्हन्सची. सत्र सात मिनिटांचं, पण मैदान पंधरा जणांच्या खेळाएवढंच: साधारण १०० मीटर लांब, ७० मीटर रुंद. हिशेब करा. पंधराच्या खेळात माणशी २३० चौरस मीटरच्या आसपास जागा येते, सेव्हन्समध्ये ५००. बचावाच्या रांगेत सहा जण आणि मागे राखणीला एक स्वीपर. म्हणजे दोन बचावपटूंमधली फट दहा मीटरपेक्षाही मोठी. ही फट ओळखायची, एका पायावर दिशा बदलायची आणि टॅकल झाल्यावरही (प्रतिस्पर्ध्याने धरून पाडलं तरी) एका हाताने चेंडू सोबत्याकडे सोडायचा, हे तिथल्या पोरांच्या अंगवळणी पडलेलं असतं. रुपेनी हे सगळं शंभर किलोच्या आसपासचं शरीर घेऊन करायचा, म्हणून तो थांबवता येत नसे. २००३ साली ऑकलंडच्या ब्लूज संघाने सुपर १२ (न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संघांची लीग) जिंकली तेव्हा तो त्यांच्याकडून खेळत होता. पुढच्या वर्षी तो फ्रान्समधल्या आजाँ क्लबात गेला आणि तिथल्या लीगमध्ये सर्वाधिक ट्राय करणारा ठरला.

आता घसरणीकडे येऊ. त्याचे अपराध एका दमात मोजले जातात, ते मला पटत नाही. ते तीन वेगळ्या जातीचे आहेत आणि प्रत्येकाचं न्यायालय वेगळं आहे.

पहिला मैदानावरचा. ठोसा मारला, शिस्तपालन समितीने चित्रफीत पाहिली, शिक्षा दिली, विषय संपला.

दुसरा प्रयोगशाळेतला. २००७ मध्ये त्याच्या नमुन्यात गांजाचा अंश सापडला आणि तीन महिन्यांची बंदी आली. ही तपासणी कशी होते ते बघा. सामन्यानंतर अधिकाऱ्याच्या नजरेसमोर किमान ९० मिलिलिटर लघवी द्यायची, ती ए आणि बी अशा दोन बाटल्यांत विभागून सीलबंद करतात. ए दोषी ठरली तर खेळाडू बी उघडायला सांगू शकतो. गांजावर बंदी फक्त स्पर्धेच्या काळात असते, पण त्याचा अवशेष चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे दिसतो. शिवाय तेव्हा मर्यादा होती मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅम. २०१३ मध्ये ती १५० केली गेली, कारण सुट्टीत ओढलेल्या गांजासाठी सामन्याच्या दिवशी माणूस अडकत होता. क्रीडा संघटनेपलीकडे देशाचा कायदा असतोच: फ्रान्समध्ये गांजा ओढणं १९७० च्या कायद्याने गुन्हा आहे, फिजीतही तो बेकायदाच.

तिसरा अपराध कराराचा, आणि माझ्या मते कारकीर्द याने खाल्ली. रुपेनी सुट्टीला घरी जायचा आणि वेळेवर परतायचा नाही. एकदा नव्हे, वारंवार. घर वानुआ लेवू बेटावर, बुआ प्रांतात. तिथून नाबौवालूच्या धक्क्यावरून फेरीबोटीने समुद्र ओलांडून नातोवी, मग रस्त्याने बेटाला वळसा घालून नान्दीचा विमानतळ, मग जवळजवळ अर्धी पृथ्वी. पण अंतर हे अर्धंच कारण. फिजीत केरेकेरे नावाची रीत आहे: नात्यातल्या माणसाने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. परदेशात कमावणारा पोरगा गावी आला की चर्चची वर्गणी, शाळेची फी, लग्न, मयत, सगळे हात त्याच्याकडे वळतात. तो निघू शकत नाही आणि पैसाही उरत नाही.

क्लबच्या बाजूने पाहिलं तर फ्रेंच हंगामाची तयारी जुलैत सुरू होते. धावण्याचा भार सहा ते आठ आठवड्यांत पायरीपायरीने वाढवतात. तो काळ चुकवलेला विंगर वजन वाढवून येतो, पहिल्याच सामन्यात पूर्ण वेगाने धावतो आणि मांडीचा मागचा स्नायू धरतो. मग दंड, मग पत्रकार, मग अविश्वास. २००७ मध्ये आजाँ खालच्या विभागात घसरला. त्याच वर्षी विश्वचषकात फिजीने फ्रान्समधल्या नाँतमध्ये वेल्सला ३८-३४ हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि त्या संघात देशाचा सर्वांत धारदार विंगर नव्हता. याची खंत फिजीत आजही ऐकू येते. २०१० मध्ये तुलूझसारख्या बलाढ्य क्लबाने त्याला घेतलं, पण तेही एका हंगामापुरतं. २०२० मध्ये एका माहितीपटात कमावलेला पैसा हाती उरला नसल्याचं त्याने स्वतः सांगितलं.

एकटा रुपेनीच बेशिस्त, असं म्हणणाऱ्यांनी लिओने नाकारावाकडे बघावं. रिओ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ ने चिरडणाऱ्या सेव्हन्स संघातला हा खेळाडू, २०१८ चा युरोपातला सर्वोत्तम. २०१९ च्या विश्वचषकानंतर तो फिजीहून उशिरा परतला म्हणून पॅरिसच्या रासिंग क्लबाने त्याला काढून टाकलं. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे क्लब, आणि अडचण तीच.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. परतीचं तिकीट करारासोबतच काढायचं, तारखेला फेरीबोटीची वेळ जुळवायची. पगाराचा ठरलेला भाग थेट भविष्य निर्वाह निधीत वळवायचा, म्हणजे मागणाऱ्याला ‘माझ्या हातात नाही’ असं खरंच सांगता येतं. गावाच्या प्रमुखाशी खेळाडूने नव्हे, क्लबच्या माणसाने बोलायचं. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीत झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमध्ये फिजीचे खेळाडू आपल्याकडेही खेळून गेले. त्यांना पुन्हा बोलावणाऱ्या संघांनी हे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२०२२ पासून फिजियन द्रुआ हा संघ सुपर रग्बीत, म्हणजे त्या सुपर १२ च्याच आजच्या रूपात, आहे. घरचे सामने लाउतोका आणि सुवामध्ये होतात. तिथला विंगर शनिवारी सामना खेळून रविवारी गावच्या चर्चमध्ये जाऊ शकतो आणि सोमवारी सरावाला हजर राहू शकतो. रुपेनी तेवीस वर्षांचा होता तेव्हा फिजीत असा एकही संघ नव्हता.