नाइन्थ ॲव्हेन्यूवरून दिसणारं जग

एका मासिकाच्या मुखपृष्ठावरचं चित्र बघू या. खालून सुरुवात करू. हा न्यूयॉर्कचा नाइन्थ ॲव्हेन्यू. इमारती, त्यांच्या खिडक्या, रस्त्यावरच्या गाड्या, चालणारी माणसं... वेगवेगळं मोजता येईल इतकं बारीक काम. थोडं वर सरकलो की टेन्थ ॲव्हेन्यू. एवढ्या एका टप्प्यातच अर्धं पान संपलं!

मग हडसन नदी. पलीकडे एक पट्टी, तिच्यावर नाव 'जर्सी'. आणि उरलेली सगळी अमेरिका एका चौकोनात: थोडे दगड आणि शिकागो, टेक्सास, नेब्रास्का, लास व्हेगास अशी तुरळक नावं. प्रशांत महासागर बघा, हडसनपेक्षा थोडासाच रुंद. क्षितिजावर तीन ढेकळं. चीन, जपान, रशिया.

नेहमीच्या नकाशात वर उत्तर असते, इथे पश्चिम आहे. बघणारा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे ना! म्हणून कॅनडा त्याच्या उजव्या हाताला आणि मेक्सिको डाव्या.

'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या २९ मार्च १९७६च्या अंकाचं हे मुखपृष्ठ. चित्रकार सॉल स्टाइनबर्ग. जन्म १९१४चा, रुमानियातला. आर्किटेक्चर शिकले मिलानमध्ये. या इमारतींवर फिरलेला हात तिथे तयार झालेला. इटलीत ज्यूंविरुद्ध कायदे आले, देश सोडावा लागला. १९४२मध्ये ते अमेरिकेत पोचले, पुढे नौदलात गेले, आणि युद्धकाळात त्यांची रवानगी झाली ती थेट चीनमध्ये. १९५६मध्ये रशियाही हिंडून आले.

म्हणजे यातली दोन ढेकळं त्यांनी स्वतः पायाखाली घातलेली होती. चित्रातली नजर स्टाइनबर्ग यांची नाहीच मुळी. ती नाइन्थ ॲव्हेन्यूवरच्या रहिवाशाची, आणि चिमटाही त्यालाच काढलाय. गंमत अशी की याच न्यूयॉर्ककरांनी या चित्राचं पोस्टर हौसेने भिंतीवर लावलं.

नकला तर किती निघाल्या! शहर बदलायचं, मांडणी तीच. १९८४मध्ये हॉलिवूडच्या एका चित्रपटाच्या पोस्टरवर असंच चित्र झळकलं. दिशा तेवढी बदललेली, पश्चिमेऐवजी पूर्व. बाकी इमारतींची नक्षी, अक्षरांचं वळण थेट उचललेलं. स्टाइनबर्ग कोर्टात गेले. १९८७मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.