घरच्या स्टुडिओसाठी कोणतं लिनक्स?

(दृश्य: मिडी की-बोर्डवर बोट पडतं. सूर मागाहून येतो.)

कळ आधी, सूर नंतर. आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने आणि बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो घास, 1024 नमुन्यांचा, म्हणजे 21 मिलिसेकंदांचा उशीर. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सात मीटर जातो. साथीदार खोलीच्या पार पलीकडे बसून वाजवतोय, असं हे झालं. विलंबितात निभावून जाईल, पण द्रुत लयीत हात अडखळतात.

बफर 128 वर आणला की हाच उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. साउंडकार्ड आणि यूएसबी आपापली भर घालतात, ती वेगळी. पण आता कॉम्प्युटरला दर 2.7 मिलिसेकंदांनी आवाजाचा पुढचा घास तयार ठेवावा लागतो. एकदा जरी चुकला, की कानात 'कट्' वाजतं. लिनक्सवाले याला 'एक्सरन' म्हणतात आणि त्याच्यावर मनापासून चिडतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला. चालते-बोलते लॅपटॉप एका दिवसात 'जुने' ठरले. त्यातल्याच एखाद्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून तो घरी गाणं रेकॉर्ड करायला वापरावा, असं ज्यांच्या मनात येतं, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, कोणता?

(दृश्य: जुन्या डेस्कटॉपचे स्क्रीनशॉट एकामागून एक.)

एके काळी या प्रश्नाला खरंच वजन होतं. साधा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हातातलं काम सोडून आवाजाकडे वेळेवर वळेलच, याची खात्री नसे. त्यासाठी 'रिअल-टाइम' नावाचा वेगळा पॅच, म्हणजे कोडचं ठिगळ, लावून कर्नल बांधावा लागायचा. हे काम तयार करून देणारे डिस्ट्रो म्हणजे देवच वाटत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत केंद्रातून 'प्लॅनेट कर्मा'ची पॅकेजं यायची. 2007 मध्ये उबुंटू स्टुडिओ आलं. ग्लेन मॅकआर्थर यांनी एव्ही लिनक्स जवळजवळ एकहाती चालवलं.

त्यात आवाजाचे कारभारी दोन. रोजच्या वापराला पल्सऑडिओ, संगीताला जॅक. जॅक सुरू केला की ब्राउझर मुका. हे जुळवण्यात अख्खी संध्याकाळ जायची आणि गाणं राहूनच जायचं.

मग दोन गोष्टी घडल्या. एप्रिल 2021 मध्ये फेडोरा 34 या डिस्ट्रोने विम टेमन्स यांचं पाइपवायर, म्हणजे आवाजाचा नवा कारभारी, थेट मुख्य गादीवर बसवलं. जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर चालतात आणि ब्राउझरही बोलतो. दुसरी गोष्ट सप्टेंबर 2024 मधली. रिअल-टाइमचा तो पॅच जवळपास वीस वर्षं मुख्य कर्नलच्या दारात उभा होता. व्हिएन्नातल्या परिषदेत त्याची विनंती चक्क कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या हाती देण्यात आली. कर्नल 6.12 पासून तो मुख्य कर्नलचाच भाग आहे. अर्थात, डिस्ट्रोने तो पर्याय चालू करून द्यावा लागतो.

तेव्हा 'संगीतासाठी खास' या पाटीची किंमत आता बरीच उतरली आहे. माझ्या मते तरी.

उरलं काय? मांडामांड. वापरकर्त्याला ऑडिओच्या गटात घालणं, रिअल-टाइम प्राधान्याची परवानगी देणं, आर्डर (रेकॉर्डिंगसाठी) आणि हायड्रोजन (ड्रमसाठी) असे प्रोग्रॅम आणून ठेवणं. नवख्याला हे सगळं आयतं हवं असेल, तर उबुंटू स्टुडिओची एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची, आवृत्ती घ्यावी. तीन वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नये, त्या नऊ महिन्यांत संपतात. साधं उबुंटू आधीच असेल तर पुसायचीही गरज नाही. स्टुडिओचा इन्स्टॉलर त्यावरच चढतो. मशीन दमलेलं असेल तर एव्ही लिनक्स बघा. फेडोरा जॅम चांगला आहे, पण साधारण तेरा महिन्यांनी पुढच्या आवृत्तीवर उडी मारावीच लागते.

(दृश्य: माइकसमोर गायिका. बाजूला पेटी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा.)

आता गंमत पाहा. या घरात अभंग रेकॉर्ड होतोय. गायिकेच्या हेडफोनमधला तिचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून येतच नाही. ऑडिओ इंटरफेसवरच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरच्या) डायरेक्ट मॉनिटरिंगच्या बटणामुळे तो परस्पर कानात येतो. उशिराचा प्रश्नच मिटला. बफर 1024 ठेवा, डिस्ट्रो कोणताही घ्या. कमी उशिराची खरी गरज सॉफ्टवेअरमधला सिंथ (सिंथेसायझर) बोटांनी वाजवणाऱ्याला, किंवा गिटारचा अ‍ॅम्प कॉम्प्युटरमध्ये बनवणाऱ्याला.

इंटरफेस घेताना मात्र 'क्लास कम्प्लायंट', म्हणजे यूएसबीचे सर्वसामान्य नियम पाळणारा, आहे का, हे विचारूनच घ्या. असेल तर ड्रायव्हरची भानगड नाही.

(दृश्य: काळ्या टर्मिनलवर आकड्यांचे रकाने.)

हा पाइपवायरची चाल दाखवणारा 'पीडब्ल्यू-टॉप' प्रोग्रॅम. क्वांट, म्हणजे बफर, 128; रेट 48000. शेवटाकडच्या 'ईआरआर' या चुकांच्या रकान्यात शून्य आहे. वायफाय चालू केलं... तीन. सात. अकरा. बंद केलं, आकडा थांबला. वायफायचा ड्रायव्हर असा मध्येच आडवा येतो. डिस्ट्रो बदलण्याआधी हे एकदा करून बघावं. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवलं तरी यातलं पुष्कळ कळतं.

राहता राहिले विंडोजचे प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये जोडायचे वाद्यांचे आणि इफेक्टचे छोटे प्रोग्रॅम. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं) आणि याब्रिज (त्यातून प्लगइन जोडणारा पूल) यांच्या जोरावर त्यातले बरेच चालतात. पण वाइन 9.21 च्या पुढे गेलं आणि याब्रिजच्या खिडक्यांत क्लिक भलतीकडेच लागू लागले. आर्चसारख्या, रोज नवं आणणाऱ्या डिस्ट्रोवर हा ताप अपडेटसोबत घरी आला. उबुंटू 24.04 वाले वाइनच्या जुन्या 9.0 वर निवांत होते. आणि तुमचं सगळं काम कॉपी-संरक्षणवाल्या एखाद्या महागड्या प्लगइनवर अडलेलं असेल, तर तो वाइनवर चालतो का, हे आधी पक्कं करा. डिस्ट्रो मग निवडता येईल.