तांदळाच्या दाण्याएवढं सैन्य

(दृश्य: कोथरूडमधला एक फ्लॅट, रविवार दुपार. जेवणाच्या टेबलावर रविवार पेठेतून आणलेलं हिरवं कापड. कापडाखाली पुस्तकं सारून केलेल्या टेकड्या.)

दिवाळीत पुण्याच्या सोसायट्यांमधून मुलं मातीचे किल्ले करतात. उतारावर अळीव उगवतं, आणि पहाऱ्यावरचा मावळा बुरुजाएवढा उंच असतो. या टेबलावर, चिमुकल्या सैन्यांच्या युद्धखेळात, नेमकं उलटं आहे. इथे डोंगर मोठा आणि सैनिक सहा मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा. असे चार-पाच दाणे एका पट्टीवर चिकटवले की झालं एक पथक.

युद्ध दूरच्या कुठल्या तरी ग्रहावरचं, भविष्यातलं. सैनिक एवढा लहान असल्यामुळे सहा फूट बाय चार फुटांत अख्खी फौज मावते. मग नियमांनी लक्ष कुणाकडे द्यायचं? एकेका तोफेकडे, की हुकूम देणाऱ्याकडे?

1984 मध्ये अमेरिकेत आलेला ‘बॅटलटेक’ हा खेळ एकेका यंत्राकडे बघतो. प्रत्येक चालत्या यंत्राचा वेगळा कागद. त्यावर हात, पाय, धड, डोकं, आणि प्रत्येकाच्या चिलखताचे बारीक गोल. मार बसला की गोल काळे करायचे. तोफा डागल्या की उष्णता चढते. आकडा 30 वर गेला की यंत्र बंद. प्रत्येक बाजूला चार यंत्रं असतील तर डाव विलक्षण रंगतो. चाळीस असतील तर कागदच आवरत नाहीत.

जॉन टफली यांच्या ‘डर्टसाइड 2’मध्ये (1993) नुकसान ठरवायला फासा नाही, रंगीत, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत.

(दृश्य: स्टीलच्या पेल्यात शिरलेली बोटं.)

भिशीची चिठ्ठी काढावी तशी. तोफ जितकी मोठी तितक्या चिठ्ठ्या जास्त. पण त्यांतले कुठले रंग धरायचे, ते शस्त्र आणि अंतर ठरवतं. बेरीज चिलखताच्या आकड्यावर गेली की रणगाडा गेला. याला वेळ लागतो, हे खरं. तरी पेल्यात हात घातल्यावर समोरचा भिडू जसा श्वास धरून बसतो, ते मला फाशात कधी दिसलं नाही.

‘फ्यूचर वॉर कमांडर’ तोफेकडून नजर काढून हुकुमाकडे वळवतो. ही पद्धत रिक प्रीस्टली यांच्या ‘वॉरमास्टर’मधून (2000) आलेली. दोन फासे टाकायचे. सेनापतीच्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी दान पडलं तरच तुकडी हलते. त्याच तुकडीला पुन्हा हुकूम दिला की दर वेळी आकडा एकाने उतरतो. आकडा 9 धरा. पहिला हुकूम शंभरात 83 वेळा पोचतो, दुसरा 72, तिसरा 58. तिन्ही लागोपाठ पोचायची शक्यता मात्र फक्त 35 टक्के. म्हणजे लांबचा मनसुबा आखणाऱ्याला वाटेत कुठे थांबावं लागेल, याचाही विचार आधीच करून ठेवावा लागतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो ‘एपिक आर्मागेडन’, 2003 सालचा. आधी एकाचं सगळं सैन्य आणि मग दुसऱ्याचं, असं इथे होत नाही. तुकड्या आळीपाळीने हलतात, त्यामुळे चहा प्यायला उठायची सोय नाही. आणि तुकडीवर नुसता गोळीबार झाला, कुणी मेलं नाही, तरी तिच्याशेजारी एक ब्लास्ट मार्कर, म्हणजे स्फोटाची खूण, ठेवावा लागतो. या घरात तो कापसाचा बोळा आहे.

(दृश्य: पाच रणगाडे अगदी जवळून. शेजारी कापसाचे दोन बोळे.)

“मामा, माझे पाचही रणगाडे शाबूत आहेत. मग तीनच का उडवायचे?”

“दोन बोळे पडलेत ना? म्हणजे दोघं दबून बसलेत.”

नियम एवढाच. जितके मार्कर तितक्या तोफा गप्प. मार्कर एक असो की चार, हुकुमाच्या दानातून एक वजा. एरवी एका फाशावर 2 किंवा जास्त पडल्यावर जी तुकडी हलली असती, तिला आता निदान 3 लागतात. आणि मार्कर रणगाड्यांच्या संख्येइतके झाले की तुकडी मोडते, माघार घेते. तोवर एकही रणगाडा फुटलेला नसला तरी. भीती इथे टेबलावर ठेवलेली दिसते, मोजता येते. तांदळाच्या दाण्याचा चेहरा दिसत नाही, पण तो घाबरलाय हे समोरच्याला कळतं.

भाची हल्ल्याचा बेत सोडते आणि सावरायचा हुकूम देते. फासा घरंगळत टेकडीला अडतो. चार. सावरण्यासाठी आणखी दोन फासे, त्यांतला मोठा धरायचा. पाच. दोन बोळ्यांना पुरेसे.

ती दोन्ही बोळे उचलून वाटीत टाकते. आता राज्य मामांचं.