पोढी : भाजे ते बेडसे, पाण्याच्या वाटेनं

मंडळी, भाज्याच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्याशी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. ‘महारथिस कोसिकीपुतस विण्हुदतस देयधम पोढि.’ महारथी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याचं दान, पोढी. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. सातवाहनांच्या काळात हा शब्द सह्याद्रीत सगळीकडे होता. आता आपण टाकं म्हणतो, आणि पोढी उरली ती अभ्यासकांच्या लिखाणात. मला हा शब्द फार आवडतो. आज ज्या वाटेबद्दल बोलणार आहे, ती मी या एका शब्दामागे चाललो म्हणून मला नीट दिसली.

वाट मावळातली. मळवली स्टेशनवर उतरायचं, भाजे गावातून लेण्यांपर्यंत चढायचं, तिथून लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीत यायचं, विसापूर करून पूर्वेला भातराशीच्या डोंगराकडे सरकायचं आणि शेवटी बेडशाच्या लेण्यांवर उतरायचं. एका टोकाला भाजे, दुसऱ्या टोकाला बेडसे. दोन्ही बौद्ध भिक्खूंचे विहार, दोन्ही दोन हजार वर्षांपूर्वीचे. उत्तरेला इंद्रायणीचं खोरं, दक्षिणेला पवनेचं. अख्खा दिवस लागतो. विसापूरच्या पुढे वाटा झुडपांत हरवतात, त्यामुळे गावातला माणूस बरोबर घ्या.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही सगळे बघतात तेच बघितलं. भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, बारावं लेणं. आत किंचित कललेले अष्टकोनी खांब, आणि वर छताला लाकडी कमानी. या कमानी मूळच्या आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराला बसवलेलं लाकूड मावळातला एवढा पाऊस सोसून अजून जागेवर आहे. त्या लाकडांवर ब्राह्मीतले दोन छोटे लेखही सापडले आहेत. मग एकोणिसाव्या लेण्यातला रथात बसलेला सूर्य, हत्तीवरचा इंद्र, आणि तालवाद्य वाजवणारी ती बाई. तिच्यापुढे सगळेच थांबतात, थांबायलाच हवं. पण पाण्याची टाकी मी ओलांडून गेलो. एकात प्लास्टिकची बाटली तरंगत होती, म्हणून तेवढी लक्षात राहिली.

परत आल्यावर तिथले लेख वाचायला बसलो, आणि विष्णुदत्ताच्या ओळीपाशी अडकलो. महारथी हा त्या काळातला मोठा हुद्दा. या माणसाला दान करायचं आहे आणि त्यानं पाणी निवडलं. भाज्याला आणखी एक लेख आहे, तो बाधा नावाच्या बाईचा. ती स्वतःची ओळख सांगते ‘हालिकजाया’, म्हणजे नांगरकऱ्याची बायको. महारथी आणि नांगरकऱ्याची बायको यांची नावं एकाच डोंगरात, एकाच लिपीत. मावळातल्या एका शेतकरणीचं नाव तेव्हापासून टिकून आहे, आणि ते आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पाण्याकडे येतो. हे विहार कुठे खोदले गेले याचं नेहमीचं उत्तर असं की व्यापारी वाटांवर. ते बरोबरच आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल घाट चढून वर येई, बोरघाटाच्या माथ्यावरून पैठण आणि तेरच्या दिशेनं जाई. ती वर्दळ जिथून जायची, तिथेच कार्ले, भाजे, बेडसे आहेत. जुन्नरच्या नाणेघाटातही टाक्याशी लेख आहे, सोपाऱ्याच्या गोविंददासाचा, ‘देयधम पोढि’ असाच. पण वाट सगळ्या डोंगरांच्या पायथ्याशी होती. मग हाच डोंगर का, आणि याच उंचीवर का? त्याचं निम्मं उत्तर दगडात आहे.

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. काही थर घट्ट काळ्या कातळाचे, काही बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले, आणि मधूनमधून लालसर मातकट पट्टे. पावसाचं पाणी माथ्यावरून भेगांतून खाली मुरतं, घट्ट थर किंवा लाल पट्टा लागला की अडतं, आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पाझरतं. तिथे झरा. तिथेच उंबर, जांभूळ, करवंदीची दाट जाळी. घाटमाथ्यावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. चैत्रात सगळा डोंगर पिवळा पडलेला असताना एखाद्या घळीत हिरवा ठिपका दिसला, की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात.

लेणी खोदणाऱ्यांनी हा दगड हाताखाली घालून ओळखला होता. टाक्याचं तोंड ते लहान ठेवत आणि आत पोट मोठं करत, त्यामुळे ऊन कमी लागतं आणि पाणी थंड राहतं. मोठ्या टाक्यांत छताला आधार म्हणून खांब सोडत, त्यांना आपण खांबटाकं म्हणतो. कातळावरून वाहणारं पाणी दारावर पडू नये म्हणून वरच्या बाजूला पन्हळी कोरत आणि तेच पाणी टाक्यांकडे वळवत. पावसाळ्यात भाज्याला गेलात तर या पन्हळी बघा. त्यांतल्या काही आजही वाहतात.

आणि इथे राहणाऱ्यांना पाणी नेमकं कधी लागत होतं? भिक्खू एरवी फिरता. पण पावसाळ्यात त्यानं एका जागी राहावं असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांच्या ग्रंथाचा, नियम, वस्सावास. पावसात चालताना कोवळं गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात, हे त्याचं कारण विनयातच सांगितलेलं आहे. भिक्खूच्या जवळ असाव्यात अशा आठ वस्तूंमध्ये तीन चीवरं म्हणजे वस्त्रं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. हे आठवं फडकं मला या टाक्यांपाशी नेहमी आठवतं. पाण्यातल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून ते पाणी गाळून पीत. मावळात आषाढ-श्रावणात काय पाऊस कोसळतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या पावसात इथे कोरड्या जागेत बसलेली माणसं, आणि दाराशी टाकी भरत चाललेली, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

भाज्याला चौदा लहान स्तूपांचा एक समूह आहे, काही आत आणि काही उघड्यावर. हे इथल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे. त्यांतल्या काहींवर नावं कोरलेली आहेत. बहुतेक लोक फोटो काढून पुढे जातात. मी तिथे जरा बसतो. ही माणसं याच टाक्यांचं पाणी प्यायली आहेत.

भाज्याहून गायमुख खिंडीपर्यंतचा चढ झाडीतला आहे. खिंडीत गार वारा असतो आणि डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. विसापूरची एक जुनी वाट तर ओढ्याच्याच घळीतून चढते. पायऱ्या आणि पाणी एकच. श्रावणात त्या पायऱ्यांवरून धबधबा येतो, आणि लोक त्यात गर्दी करतात. दगड शेवाळलेले असतात आणि दर पावसाळ्यात माणसं घसरतात. मी कळकळीनं सांगतो, त्या दिवसांत तिथून चढू नका. दिवाळीनंतर या. झरे जिवंत असतात, दगड कोरडा असतो, आणि सोनकी नुकतीच सरलेली असते.

विसापूरच्या माथ्यावर टाकीच टाकी आहेत. 1818 मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि बरंचसं बांधकाम पाडलं. दरवाजे गेले, पण टाकी तशीच राहिली. कातळात खोदलेली गोष्ट पाडता येत नाही.

पुढचा पट्टा सर्वांत शांत. भातराशीच्या बाजूनं चालताना खाली पवनेचं पाणी चमकत असतं. इथे मला एकदा बरोबरच्या वाटाड्यानं थांबवलं आणि उंबराच्या मुळाशी वाटीएवढा झरा दाखवला. आजूबाजूचा पाचोळा त्यानं आधी हातानं बाजूला केला, थोडं पाणी वाहून जाऊ दिलं, मग ओंजळ धरली. प्यायल्यावर दोन दगड पुन्हा होते तसे लावले. त्याला मी काही विचारलं नाही. पण टाक्यात बाटल्या टाकणारी, साबण लावून आंघोळ करणारी आमच्यासारखीच शहरातली माणसं आठवली आणि लाज वाटली. आज टाक्यांतलं पाणी तसंच पिऊ नका असं मला सांगावं लागतं. दोन हजार वर्षं जे पिण्यासाठी होतं, ते आमच्या हयातीत बिघडलं.

बेडसे. इथलं चैत्यगृह समोरून दिसतच नाही. पुढचा कातळ तसाच ठेवला आहे आणि मधल्या अरुंद वाटेनं आत शिरावं लागतं. आत गेलं की एकदम ते उंच खांब, आणि वर हत्तीघोड्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. लेणं पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळचं ऊन थेट खांबांवर येतं. म्हणून काही जण ही वाट उलटी करतात. मला मात्र दिवसभर चालून तिसऱ्या प्रहरी त्या सावलीत शिरायला आवडतं. व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याचं नाव आहे. बाजूला एका स्तूपाशी गोभूती नावाच्या भिक्खूचा लेख आहे. त्याच्या शिष्यानं, आसाळमितानं, गुरूसाठी तो स्तूप करवला. गुरूचं वर्णन करताना तो म्हणतो आरण्यक, पिंडपातिक, मारकूडवासी. अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे, मारकूडचे रहिवासी. मारकूड हे या डोंगराचं जुनं नाव असावं असं मानतात. बेडशाच्या वरच्या झाडीत उभं राहून ‘आरण्यक’ हा शब्द उच्चारून बघा.

आणि इथेही टाक्यावर लेख आहे. सामडिनिका या बाईचा. ती महाभोजाची, म्हणजे त्या काळातल्या आणखी एका मोठ्या हुद्द्याच्या माणसाची मुलगी, स्वतः महारठिनी, म्हणजे महारथी या हुद्द्याचं स्त्रीरूप, आणि आपदेवणकाची ‘बितियिका’, म्हणजे दुसरी पत्नी असा अर्थ अभ्यासक लावतात. विष्णुदत्ताचा आणि तिचा एकमेकांशी काही संबंध होता असं म्हणता येत नाही. पण सकाळी आपण एका महारथीच्या पाण्यापासून निघतो आणि संध्याकाळी एका महारठिनीच्या पाण्याशी येऊन थांबतो. तिच्या ओळीत वडील आहेत, नवरा आहे, हुद्दा आहे, ‘देयधम’ आहे. पोढी हा शब्द नाही. लेख टाक्यावरच कोरलेला आहे, आणि खाली पाणी आहे.