संयुक्त खात्यातलं अनुदान कोणाचं?

मंडळी, इथे बहुतेक जण दिव्यांग मुलांचे आईवडील किंवा भावंडं आहात, म्हणून थेट पासबुकापासूनच सुरुवात करतो.

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान आधार लिंक असलेल्या खात्यात जमा होतं. दिव्यांगांसाठी ते महिना १५०० रुपये होतं, ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झालं. मुलाला सही येत नाही, व्यवहार कळत नाही, म्हणून वडील थोरल्याचं नाव खात्याला जोडतात. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढावेत, आणि एक गेला तर मागे राहिलेल्याला मिळावेत. वडील आहेत तोवर कोणी काही विचारत नाही. पुढे त्याच खात्यात थोरल्याच्या उसाचं बिल जमा होतं, ट्रॅक्टरचा हप्ता जातो, आणि काही वर्षांनी बहीण विचारते, "दादा, याच्या अनुदानाचं काय झालं?" त्या पासबुकावरून ते कोणालाच सांगता येत नाही.

मी पाहिलेल्या भांडणांत दादाने पैसे खाल्लेच होते असं नेहमी नव्हतं. दिराची आंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं सगळं वहिनी करते. २५०० रुपयांत ते भागतं का? पण एक ओळही कुठे लिहिलेली नसते, आणि जी राबते तिच्यावरच आळ येतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं. हिशेबाची वही तिच्यासाठीसुद्धा हवी.

बँक अशा भांडणात निवाडा करत नाही. एका खातेदाराने लेखी हरकत घेतली, की एकट्याच्या सहीवर पैसे देणं थांबतं आणि दोघांच्या सह्या मागितल्या जातात. ज्याचं अनुदान, त्यालाच सही येत नाही! पैसे अडकतात, आणि ज्याने कोणाशी भांडण केलं नाही त्याचीच औषधं थांबतात. उद्या तो मुलगा गेला, तर उरलेली रक्कम बँक थोरल्याला देऊन मोकळी होईल, पण म्हणून थोरला तिचा मालक ठरत नाही. वारसांचा हक्क राहतोच.

यावर कायद्यात वाट आहे. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व), बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्या प्रमाणपत्रावर बँक खातं उघडून देते. या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, आणि त्याने हयगय केली तर त्याला काढताही येतं. संयुक्त खात्यातल्या भावाला असा हिशेब कोणीच मागत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे: अधिकार पूर्ण, जाब शून्य.

मानसिक आजार या कायद्यात बसत नाही. तिथे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्व आहे, ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय त्या व्यक्तीशी बोलूनच घ्यायचा. निर्णयात मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ एखाद्या व्यवहारात गुंतला असेल, तर त्या व्यवहारातून त्याने बाजूला व्हावं, असंही हाच कायदा सांगतो. आणि ज्याला फक्त दिसत नाही किंवा चालता येत नाही, त्याला पालक कशाला हवा? त्याचं खातं एकट्याच्या नावावर असू द्या. एटीएम कार्डही त्याच्याच हातात द्या.

ज्यांच्याकडे जुनं संयुक्त खातं आहे, त्यांनी ते उद्याच बंद करू नका. आधी मुलाच्या नावाचं नवं खातं उघडा, व्यवहार कळत नसेल तर वर सांगितलेल्या पालकत्वाच्या आधारे, आणि आधार त्याला लिंक करून घ्या. तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेला कळवा. एक हप्ता नव्या खात्यात आलेला पाहा. मग जुन्या खात्याचं पूर्ण स्टेटमेंट काढून, सगळ्या भावंडांना दाखवून, ते बंद करा.