शनिवार की बुधवार?

(दृश्य: कॉलेजचं फाटक. एसटीतून उतरून चालत येणारी मुलं-मुली.)

गंगापूर, वैजापूरकडची ही मुलं. बहुतेकांच्या घरी शेती. कॉलेज छोटं, कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेलं. वर्गात ख्रिस्ती मुलं मोजकीच. इथे विज्ञान आणि गणिताच्या मुलांना इतिहासही शिकावा लागतो. “सायन्सवाल्याला इतिहास कशाला?” प्रवेशाच्या वेळी पालक हमखास विचारतात. आम्हाला वाटतं, प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एखाद्या तासाला बसल्यावरच मिळतं.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर एकच तारीख.)

६ जून १६७४. शिवराज्याभिषेक. मराठी घरात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. फादर म्हणतात, “वार काढा.” कुणी मोबाइल काढतं, कुणी वहीत सातानं भागत बसतं. दोन्हीकडे उत्तर एकच येतं: बुधवार. मग इतिहासाचे सर जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्यातली शिवकाळाच्या घटनांची तारीखवार नोंद, उघडतात. तिथे शुक्रवारची रात्र सरत आलेली आहे, म्हणजे आजच्या हिशेबानं शनिवारची पहाट.

चुकलं कोण? कुणीच नाही.

त्या काळी मुंबईचे इंग्रज जुनं जुलियन कॅलेंडर वापरत. ६ जून ही त्या कॅलेंडरातली तारीख; मोबाइल आणि वही मात्र नव्या कॅलेंडरानं मोजतात. गोव्याचे पोर्तुगीज तोवर नव्या, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरावर गेले होते. त्यांच्या लेखी तो दिवस १६ जून. १६ जूनचा वार काढा, शनिवारच येतो. आणि रायगडावरच्या पंचांगात तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६.

हे दहा दिवस आले कुठून, ते गणितानं सुटतं. जुलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचं, ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. ११ मिनिटांनी काय होतं? १२८ वर्षांत एक दिवस होतो. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. इसवी सन ३२५ च्या सुमारास २१ मार्चला येणारा संपात १५८२ पर्यंत ११ मार्चवर सरकला होता. चर्चला सणाची तारीख हवी होती, म्हणून आकाशाचं गणित करावं लागलं. लिलियस नावाच्या इटालियन वैद्यानं तोडगा सुचवला, रोममधल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या क्लावियसनं तो तपासून जगाला समजावला. १५८२ च्या ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. तारखा गाळल्या, वारांची साखळी तुटू दिली नाही. म्हणूनच आज वारावरून तारीख पडताळता येते. ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षं, हा नियमही तेव्हाचाच.

आपल्याकडचा अधिक महिना याच जातीचा हिशेब आहे: चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्य अकरा दिवस मागे राहतो. इथवर आल्यावर मुलं आपापल्या घरची पंचांगं आठवू लागतात, आणि तास खरा रंगतो.

(दृश्य: बाकावर उलगडलेला, घडीवर फाटलेला उर्दू कागद.)

एका मुलीनं जमिनीचा कागद आणलाय. गावातल्या जाणत्या माणसानं तिला साल वाचून दिलंय.

“फादर, आज्याच्या कागदावर १३५८ आहे. हे कुठलं साल?”

हे फसली साल, निजामाच्या दप्तराचं. हिजरी वर्ष चांद्र, ते पिकांच्या पुढे पळतं. शेतसारा तर पिकावर घ्यायचा. म्हणून सूर्याला धरून चालणारं फसली. हैदराबाद संस्थानात त्याचा पहिला महिना आजूर, ऑक्टोबरात सुरू होणारा. डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढचा असेल तर ५९१.

कागदावरचा महिना खुर्दाद, आजूरपासून सातवा. मुलगी बोटांवर मोजते आणि फळ्यावर लिहिते: एप्रिल १९४९.

पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची. म्हणजे हैदराबाद भारतात येऊन सहा-सात महिने झाले होते. जहागिरी मात्र ऑगस्ट १९४९ मध्ये रद्द झाल्या. तो कायदाही १३५८ फसलीचाच. या कागदावरचा शिक्का जहागिरीचा आहे. मग त्या हंगामाचा सारा आजोबांनी कुणाकडे भरला? सरांनी तिला पुढच्या आठवड्यापर्यंत गावातले आणखी कागद मिळवायला सांगितलंय.