पेंडीत जाणारी प्रथिनं

मंडळी, मघाशी चहाबरोबर जे शेंगदाणे आपण खाल्ले, त्यांच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 45 ते 50 ग्रॅम तेल आणि 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तेल आपण डब्यात भरतो. प्रथिनं बहुतेक करून पेंडीतून गुरांपुढे जातात. कुपोषणाची चर्चा करणाऱ्या देशाला हे परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेनं तीन भाग शेंगदाण्याचं पीठ आणि एक भाग हरभऱ्याचं पीठ घेऊन ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केलं होतं. म्हणजे विचार जुनाच आहे, अडलं ते तेल काढण्याच्या पद्धतीपाशी.

एक्स्पेलरमध्ये, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या यंत्रात, दाणा दाबताना तापतो आणि पेंडीत तरीही सहा-आठ टक्के तेल राहतं. ते काढायला हेक्झेन वापरतात. हेक्झेन पेट्रोलियमपासून मिळणारा, झटकन पेट घेणारा द्रव. तो पेंडीतून घालवायला वाफ द्यावी लागते, आणि त्या उष्णतेनं प्रथिनांची पाण्यात विरघळण्याची ताकद घटते.

याला दुसरा मार्ग एन्झाइमचा. एन्झाइम म्हणजे ठरावीक पदार्थ तोडण्याचं काम घडवणारं प्रथिन. या पद्धतीत काम पाण्यात होतं. दाण्याच्या पेशीत तेल मोकळं नसतं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या थेंबांत ते साठवलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड हा स्निग्ध पदार्थ आणि ओलिओसिन नावाचं प्रथिन यांचं आवरण असतं. सेल्युलेज आणि पेक्टिनेज ही एन्झाइमं पेशीची भिंत सैल करतात, प्रोटिएज हे प्रथिनं कापणारं एन्झाइम ओलिओसिन कापतं. दाणे सोलून बारीक वाटायचे, पाचपट पाणी घालायचं, आम्लता जुळवायची आणि 50 ते 60 अंशांवर काही तास ढवळत ठेवायचं.

मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे मिश्रण जोरात गरगर फिरवून जड-हलके थर वेगळे करणारं यंत्र. नळी बाहेर काढून उजेडात धरली की वर सोनेरी तेल, त्याखाली पांढरा, दाट सायीसारखा थर, मग गढूळ प्रथिनांचं पाणी आणि तळाशी चोथा. या विषयातली खरी झुंज त्या पांढऱ्या थराशी आहे. कापलेली प्रथिनंच तेलाच्या थेंबांना वेढून बसतात आणि तेल सुटू देत नाहीत. गोठवून पुन्हा वितळवलं, तर गोठताना थेंबांचं आवरण फाटतं आणि ते एकमेकांत मिसळतात. दुसऱ्यांदा प्रोटिएज घालूनही बरंच तेल सुटतं.

इथे एक पेच आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तेल वाढवण्यासाठी प्रोटिएज जास्त वेळ चालू ठेवलं, तर प्रथिनांचे बारीक तुकडे होतात आणि पुष्कळदा चव कडवट होते. शिवाय अखंड प्रथिनं, आम्लता मोजणारा पीएच 4.5 च्या आसपास आणला की, साका होऊन खाली बसतात, गाळून घेता येतात. बारीक तुकडे विरघळलेलेच राहतात. म्हणून मी म्हणेन, थोडं तेल सोडा, पण प्रोटिएज वेळेत थांबवा.

खर्चाचं म्हणाल, तर एन्झाइम विकत घ्यावं लागतं आणि एवढं पाणी उडवायला इंधन लागतं. नुसत्या तेलाच्या भावात ते भरून निघणं कठीण. प्रथिनांची भुकटी माणसांच्या अन्नासाठी विकली गेली तरच हिशेब बसायला लागतो. आपल्या माटुंग्याला, 1933 साली सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, तेलांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब हातात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी अफ्लाटॉक्सिन. बुरशीचं हे विष प्रोटिएजनं जात नाही आणि त्याचा मोठा वाटा प्रथिनांकडेच राहतो. त्यामुळे काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा वाटण्याआधीच निवडून बाजूला काढावा लागतो.